डे-केअर केमो केंद्रात डिजिटल कामाचं प्रशिक्षण: क्रम, वेळ आणि हमखास होणाऱ्या चुका

केमो केंद्रात नवं सॉफ्टवेअर आलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. कंपनीचा माणूस येतो आणि सभागृहात चाळीस जणांना दोन तास पडद्यावर बटणं दाखवतो. हजेरीपटावर सह्या होतात, चहा होतो. चौथ्या दिवशी सिस्टर पुन्हा रजिस्टरमध्ये लिहू लागतात आणि संध्याकाळी डेटा एंट्री ऑपरेटर ते सगळं कॉम्प्युटरवर चढवतो. म्हणजे काम दुप्पट होतं, आणि आकडे एका हातून दुसऱ्या हातात जाताना चुकायला आणखी एक जागा तयार होते.

याचं कारण साधं आहे. लोकांना सॉफ्टवेअर दाखवलं जातं, पण त्यांचं स्वतःचं काम त्यात कसं करायचं हे कोणी शिकवत नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रांची घोषणा झाली, त्यातली २०० त्याच वर्षात. अशा केंद्रांत पूर्वी केमो न दिलेला स्टाफही असतो. खालचा क्रम सहा ते दहा खाटांचं केंद्र डोळ्यासमोर ठेवून दिला आहे: एक-दोन डॉक्टर, सहा-आठ सिस्टर, एक फार्मासिस्ट, एक ऑपरेटर, एक समाजसेवा अधीक्षक आणि केस पेपरची खिडकी. कालावधी सहा आठवडे, आठवड्यात दोन सत्रं, प्रत्येक सत्र ४० मिनिटांचं.

## टप्पा १: कॉम्प्युटर उघडण्याआधीची तयारी (पहिला आठवडा)

एका पेशंटचा केस पेपर खिडकीपासून घरी जाईपर्यंत हातात घेऊन फिरा. कुठे काय लिहिलं जातं, कोण लिहितं आणि तेच पुन्हा कुठे लिहिलं जातं, याची नोंद करा. वजनच तीन-चार ठिकाणी लिहिलेलं सापडेल: केस पेपरवर, सिस्टरच्या रजिस्टरमध्ये, डॉक्टरच्या नोटमध्ये आणि फार्मसीच्या चिठ्ठीवर. वजन नेमकं कोणी भरायचं आणि बाकीच्यांनी ते फक्त कुठून वाचायचं, हे इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टरांनी आधी ठरवावं. हा निर्णय झाला नसेल तर प्रशिक्षण सुरू करू नका. कागदावरचा गोंधळ पडद्यावर गेला की तो आणखी वेगाने होतो, इतकंच.

मग प्रत्येकाची दहा मिनिटांची प्रत्यक्ष चाचणी घ्या. 'कॉम्प्युटर येतो का?' असं विचारू नका, सगळे 'येतो' म्हणतात. काम सांगा आणि शेजारी बसून बघा: लॉगिन करा, अमुक पेशंट शोधा, तिचा शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट उघडून मोठा करा, तारीख बदला, बाहेर पडा. कोण कुठे अडकतं ते लिहा आणि त्यावरून चार ते सहा जणांचे गट पाडा. हुद्द्यावरून गट पाडू नका, मात्र वीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरना नव्या मुलींसमोर माउस धरायला लावू नका. त्या शिकत नाहीत असं नाही, त्या विचारायचं टाळतात. सेवाज्येष्ठ सिस्टरांचा वेगळा छोटा गट केला की प्रश्न आपोआप येतात.

सॉफ्टवेअरची सरावाची वेगळी प्रत मागून घ्या आणि त्यात बारा खोटे पेशंट भरा. त्यात मुद्दाम खोड्या ठेवा: तीन पेशंटांच्या दुहेरी नोंदी, एकाच नावाच्या दोन बाया, एकाच मोबाइल नंबरवर नोंदलेले सासू-सून, सहा महिन्यांपूर्वीचा सीबीसी, इंचात भरलेली उंची.

सावधान: खऱ्या सिस्टीममध्ये 'टेस्ट पेशंट' तयार करून सराव करू नका. ती नोंद कधीतरी आकडेवारीत जाते, किंवा तिच्या नावावर खरी ऑर्डर पडते.

सत्रं सकाळी ९ ते १२ मध्ये ठेवू नका, त्या वेळी सलाईनी चढवलेल्या असतात. ड्युटी चार्टमध्ये प्रशिक्षणाचा वेळ ड्युटी म्हणूनच दाखवा. नाइट करून आलेल्या सिस्टरला 'थांबून जा' सांगितलं तर ती थांबेल, पण शिकणार नाही.

## टप्पा २: पेशंट तोच आहे ना? (दुसरा आठवडा, दोन्ही सत्रं)

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून दहा मिनिटांत उरकला जातो, आणि पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

आपल्याकडे नावावरून शोधणं फसवं असतं. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांऐवजी नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत पहिलं नावही बदललेलं असतं. बायोप्सी माहेरच्या गावात झाली असेल तर रिपोर्टवर एक नाव, आधारवर दुसरं. इंग्रजी स्पेलिंग ऑपरेटरगणिक वेगळं. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी असलेले वयस्कर पेशंट तर इतके असतात की जन्मतारखेवरून जुळवणी करण्यात अर्थ उरत नाही. मोबाइल नंबर मुलाचा असतो आणि त्यावर घरातले चौघे नोंदलेले असतात.

म्हणून शोधण्याचा क्रम पाठ करून घ्या:

1. आभा (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख) क्रमांक असेल तर तो. चौदा आकडी असतो. कार्ड बघून किंवा स्कॅन करून भरा, तोंडी ऐकून नको.
2. नसेल तर रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक.
3. तोही नसेल तर मोबाइल नंबर. त्याखाली जितकी नावं येतील तितकी सगळी वाचायची, पहिल्यावर क्लिक करायचं नाही.
4. शेवटी नाव. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका, पूर्ण नाव नको. पूर्ण नाव टाकलं आणि स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला की 'सापडलं नाही' येतं आणि नवी नोंद तयार होते.

सापडल्यावर पेशंटकडून दोन गोष्टी वदवून घ्या. 'तुम्ही सुनंदा ना?' असं विचारलं तर घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव सांगा' असं विचारा.

दुहेरी नोंद सापडली तर ती एकत्र करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला द्या. इतरांनी फक्त कळवायचं. दोन वेगळ्या बायांच्या नोंदी चुकून जोडल्या गेल्या तर त्या सोडवायला दिवस जातो, आणि तोवर एकीचा रक्तगट दुसरीच्या पानावर असतो.

तपासा: बारा खोट्या पेशंटांतल्या तिन्ही दुहेरी नोंदी प्रत्येकाने स्वतः शोधल्या का? दोनच सापडल्या तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: उंची, वजन आणि त्यामागचा डोस (तिसरा आठवडा)

इथे घाई नको. बरीच केमोची औषधं शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे बीएसएवर मोजली जातात. मोस्टेलरचं सूत्र सोपं आहे: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. सॉफ्टवेअर हे स्वतः करतं, तरी प्रत्येक सिस्टरने आणि फार्मासिस्टने एकदा तरी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हाताने करावं. आकडा 'बरोबर वाटतो की नाही' हे डोळ्यांना कळायला लागतं ते तेव्हाच.

उदाहरण घ्या. उंची १५० सेंमी, वजन ५४ किलो. गुणाकार ८१००, भागिले ३६०० म्हणजे २.२५, वर्गमूळ १.५ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन ६० मिलीग्रॅम प्रति चौरस मीटर असेल तर डोस ९० मिलीग्रॅम, आणि सोबतचं सायक्लोफॉस्फामाइड ६०० च्या हिशेबाने ९०० मिलीग्रॅम. आता याच पेशंटवर तीन चुका करून दाखवा.

पहिली: ५४ ऐवजी ४५ टाइप झालं. बीएसए १.३७ येतो, डॉक्सोरुबिसिन ८२ मिलीग्रॅम. पडद्यावर लाल खूण येत नाही, कारण ८२ हाही योग्य दिसणारा आकडा आहे. पेशंटला दर सायकलला, म्हणजे केमोच्या प्रत्येक फेरीत, कमी औषध जातं आणि कुणाला कळत नाही.

दुसरी: उंची इंचात, म्हणजे ५९. बीएसए ०.९४ येतो. मोठ्या माणसाचा बीएसए एकच्या खाली गेला की थांबायचं, एवढं शिकवलं तरी ही चूक पकडली जाते.

तिसरी सगळ्यांत फसवी: उंचीच्या चौकटीत ५४ आणि वजनाच्या चौकटीत १५०. गुणाकार तोच, त्यामुळे बीएसए बरोबर १.५ येतो आणि पहिल्या औषधांचे डोस अचूक निघतात. पुढे त्याच बाईला ट्रॅस्टुझुमॅब सुरू झालं की ते थेट वजनावर मोजलं जातं. सुरुवातीचा डोस ८ मिलीग्रॅम प्रति किलो, म्हणजे ४३२ मिलीग्रॅम व्हायला हवा, तो १२०० निघतो. म्हणून बीएसए बघून समाधान मानू नका, उंची आणि वजन हे दोन्ही आकडे मोठ्याने वाचा.

कार्बोप्लाटिनची गोष्ट वेगळी. तिथे मूत्रपिंडाचं काम मोजून डोस ठरतो: ठरवलेला एयूसी (शरीराला एकूण किती औषध मिळावं याचं लक्ष्य) गुणिले (जीएफआर अधिक २५). जीएफआर म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग, तो रक्तातल्या क्रिअ‍ॅटिनिनवरून काढतात. क्रिअ‍ॅटिनिन ०.८ ऐवजी ०.३ भरलं तर जीएफआर फुगतो आणि त्यासोबत डोसही. जीएफआर १२५ च्या वर धरायचा नाही, म्हणजे एयूसी ५ ला ७५० मिलीग्रॅम आणि ६ ला ९०० मिलीग्रॅम ही कमाल मर्यादा. हे दोन आकडे फार्मसीत भिंतीवर चिकटवा.

वजन त्याच दिवशीचं, त्याच काट्यावरचं, चप्पल काढून. मागच्या सायकलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी पुन्हा वजन करा, मग डॉक्टरांना सांगा. काही युनिटांत ही मर्यादा ५ टक्के असते. तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेला आकडा लिहून काट्याच्या वर लावा.

तपासा: वजन घेणारा आणि भरणारा माणूस एकच आहे का? तळहातावर किंवा चिठ्ठीवर आकडा लिहून वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टाइप करणं बंद झालं पाहिजे. त्यासाठी कॉम्प्युटर काट्याजवळ न्यावा लागला तर न्या.

## टप्पा ४: केमोची ऑर्डर (चौथा आठवडा)

डॉक्टर, फार्मासिस्ट आणि सिस्टर या सत्रात एकत्र बसवा. बाकी सत्रं वेगळी चालतील, हे नाही.

सर्वाधिक चुका 'मागची ऑर्डर कॉपी करा' या बटणामुळे होतात. सायकल ३ ची ऑर्डर कॉपी केली की जुनं वजन, जुना डोस, कधी कधी जुना सायकल क्रमांकही सोबत येतो. शिकवायचा क्रम असा: आधी आजचं वजन, मग आजचे रिपोर्ट, मग कॉपी, आणि कॉपीनंतर सायकल क्रमांक, दिवस आणि प्रत्येक डोस पुन्हा वाचायचा. रिपोर्ट उघडताना तारीख बघायची सवय लावा. पडद्यावर वरती दिसणारा सीबीसी नेहमी ताजा असतोच असं नाही, काही सिस्टीम 'अपलोडची तारीख' दाखवतात, रक्त काढल्याची नव्हे.

यादीतून औषध निवडताना सारख्या वाटणाऱ्या नावांची गल्लत होते. विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन, डॉक्सोरुबिसिन आणि डाउनोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल, आणि ट्रॅस्टुझुमॅब व ट्रॅस्टुझुमॅब एमटॅन्सिन. शेवटच्या दोघांचे डोस पूर्ण वेगळे आहेत. सुटी औषधं न निवडता तयार प्रोटोकॉल (एकत्र द्यायच्या औषधांचा ठरलेला संच) निवडायला शिकवा, तो धोका तिथेच निम्मा होतो.

दुहेरी तपासणी म्हणजे दुसऱ्याने येऊन 'ओके' दाबणं नव्हे. दुसऱ्या व्यक्तीने पहिलीचं उत्तर न बघता बीएसए आणि डोस स्वतः काढायचा, मग दोन्ही जुळवायचे. विनक्रिस्टिनचा डोस साधारण २ मिलीग्रॅमच्या वर जात नाही आणि ते फक्त शिरेतूनच. पाठीच्या मणक्यातून गेलं तर पेशंट वाचत नाही. सॉफ्टवेअरमध्ये 'मार्ग' ही चौकट रिकामी ठेवून पुढे जाता येत असेल तर कंपनीला सांगून ती बंद करून घ्या.

सावधान: दर ऑर्डरला सात-आठ सूचना फुटत असतील तर लोक न वाचता 'ठीक आहे' दाबतात. पहिल्या महिन्यात कोणत्या सूचना डोळे झाकून बंद केल्या जातात ते बघा आणि निरुपयोगी सूचना काढून टाका. अ‍ॅलर्जी, कमाल डोस आणि मार्ग, एवढ्या तीन ठेवल्या तरी पुष्कळ.

## टप्पा ५: निदान आणि स्टेजची नोंद (चौथ्या आठवड्यातच, एक सत्र)

हे ऑपरेटर आणि डॉक्टरांसाठी. निदानाची तारीख म्हणजे बायोप्सीची तारीख, केस पेपर काढल्याची नव्हे. स्टेज भरताना ती तपासणीवरून काढलेली आहे, ऑपरेशननंतरची आहे की आधी केमो देऊन मग केलेल्या ऑपरेशननंतरची, हे खूण करून भरा. एकदा भरलेली स्टेज आजार पसरला म्हणून बदलायची नाही, पसरल्याची नोंद वेगळी करायची. कोड भरताना आजाराची जागा आणि पेशींचा प्रकार असे दोन वेगळे कोड लागतात. गालाच्या आतल्या बाजूचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असेल तर सी०६.० आणि ८०७०/३. तिरप्या रेषेनंतरचा ३ म्हणजे पसरू शकणारा कॅन्सर, २ म्हणजे जागीच असलेला. हा एक आकडा चुकला की कॅन्सर रजिस्ट्रीत केस भलत्याच रकान्यात जाते.

सरकारी उपचार योजनेसाठी अपलोड करायचे रिपोर्ट प्रत्येकी वेगळ्या पीडीएफमध्ये स्कॅन करा. मोबाइलने तिरका काढलेला, सावली पडलेला बायोप्सी रिपोर्ट परत येतो आणि पेशंटची सायकल लांबते.

## टप्पा ६: फोन, व्हिडिओ आणि फोटो (पाचवा आठवडा)

केमोनंतर पेशंट घरी असतो, आणि घरचा थर्मामीटर बहुधा फॅरनहाइटचा असतो. सिस्टीममधली चौकट मात्र सेल्सिअसची. फोनवर '१०१ आहे' असं ऐकून कुणी तिथे १०१ भरतं, सिस्टीम ते नाकारते आणि घाईत चौकट रिकामी राहते. फोनजवळ एवढं लिहून लावा: १००.४ म्हणजे ३८, १०१ म्हणजे ३८.३. केमो चालू असलेल्या पेशंटला एकदा ३८.३ किंवा तासभर ३८ च्या वर ताप असेल तर 'क्रोसिन घ्या, उद्या या' हे उत्तर नाही. लगेच बोलवायचं आणि आल्याबरोबर सीबीसी पाठवायचा. फोन घेणाऱ्याने विचारायचे प्रश्न, दिलेला सल्ला आणि वेळ त्याच कॉलमध्ये पेशंटच्या पानावर लिहायला शिकवा. वहीत लिहिलेला फोन रात्रीच्या डॉक्टरला दिसत नाही.

ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवरून आयुष्मान आरोग्य मंदिरातला समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टरांशी बोलतो, तेव्हा दोन्हीकडच्या स्टाफला टेलिमेडिसिनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतली एक गोष्ट पक्की माहीत हवी: नार्कोटिक औषधं अशा सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. मॉर्फिनच्या गोळ्या संपल्या म्हणून व्हिडिओ कॉल लावणाऱ्या पेशंटला पहिल्याच वाक्यात प्रत्यक्ष येण्याची वेळ द्या. वीस मिनिटं कॉल चालवून शेवटी नाही म्हणणं बरं नाही.

तोंडातल्या व्रणाचा फोटो काढताना गाल चमच्याने किंवा रिट्रॅक्टरने बाजूला ओढा, उजेड बाजूने घ्या, फ्लॅशने ओल्या जागेवर पांढरा डाग येतो. दोन फोटो: एक लांबून जागा कळावी म्हणून, एक जवळून. चेहरा नको. शक्यतो सरकारी अ‍ॅपमधूनच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपशिवाय इलाजच नसेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जाऊन बारीक खडबडीतपणा दिसत नाही. पाठवल्यावर गॅलरीतून आणि गुगल फोटोजच्या बॅकअपमधूनही काढून टाका. सिस्टरच्या घरच्या टॅबवर पेशंटचं तोंड उघडणं ही कल्पना नव्हे, बॅकअप चालू असला की तसं होतंच.

सावधान: आभासाठी पेशंटच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागताना तो कशासाठी हे आधी सांगा. बँकेचा ओटीपी कुणाला देऊ नये हे लोकांना पाठ झालंय, त्यामुळे ते बिचकतात आणि त्यांचं बरोबरच आहे.

## टप्पा ७: सिस्टीम बंद पडली तर (सहावा आठवडा, एक सत्र, प्रत्यक्ष सराव)

ठरवून एका दुपारी सरावाची प्रत बंद करा. आधीच छापून ठेवलेले पंधरा संच कपाटात असावेत: ऑर्डरचा कोरा फॉर्म, डोस पत्रक, निरीक्षण पत्रक. सकाळी काम सुरू होताना त्या दिवसाच्या पेशंटची यादी डोससह छापून घेण्याची सवय लावा, तीच अडचणीत उपयोगी पडते.

सिस्टीम परत आली की भरण्याचा क्रम असा: आधी दिलेली औषधं, मग प्रतिक्रिया आणि निरीक्षणं, मग बाकीचं. भरणारा एक, वाचून दाखवणारा दुसरा. कागद फेकू नका, तारीख घालून फाइलमध्ये लावा.

## टप्पा ८: पास कोणाला म्हणायचं

लेखी परीक्षा नको. प्रत्येकाला पंधरा कामं करायला सांगा आणि शेजारी बसून बघा. त्यातली पाच अशी की त्यांत एकही चूक चालणार नाही: योग्य पेशंट शोधणं, उंची-वजन भरणं, रिपोर्टची तारीख बघणं, दुहेरी तपासणी आणि तापाचा फोन. बाकी दहांत दोन-तीन चुकलं तर दुरुस्त करून पुढे जा. हीच चाचणी दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. तीन महिन्यांनी बहुतेक ठिकाणी 'वजन चिठ्ठीवर' परत आलेलं दिसतं.

लॉगिन ज्याचं त्याचं. खिडकीवर सगळ्यांसाठी एकच पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला दिसला तर ओरडण्याआधी लॉगिनला किती वेळ लागतो ते मोजा. दोन मिनिटं लागत असतील तर लोक शॉर्टकट काढणारच, आधी ते दुरुस्त करा.

प्रत्येक ड्युटीत एक जाणकार व्यक्ती ठेवा, रात्रपाळी आणि रविवार धरून, आणि तिचं नाव बोर्डावर लिहा. कंत्राटी सिस्टर बदलत राहतात, म्हणून बारा खोट्या पेशंटांची सरावाची प्रत कायम चालू ठेवा. नव्या सिस्टरला लॉगिन पहिल्या दिवशी द्या, पण केमोच्या ऑर्डरवर दुसरी सही करण्याची परवानगी ती पाच कामं बिनचूक केल्यावरच.